चमच्याएवढं भिवापूर

आमच्या नागपूर जिल्ह्यात पाककौशल्य मोजायचं तर कढईचा व्यास बघतात. नागपूरच्या विष्णू मनोहरांनी २०१७ मध्ये सलग ५३ तास स्वयंपाक केला आणि पुढच्याच वर्षी एका कढईत ३००० किलो खिचडी शिजवली. पुण्या-मुंबईच्या लोकांना त्यात विक्रम दिसला. आमच्याकडे मात्र अनेकांनी मनातल्या मनात माणसांचा हिशोब केला आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. एवढ्यांना जेवू घालायचं तर एवढं लागणारच.

अशा मुलखात माझी भाची 'टेस्टिंग मेन्यू' आखायला आली. पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेतलेलं, वर्षभर एका मोठ्या स्वयंपाकघरात कांदे चिरलेले, आणि आता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याजवळच्या एका रिसॉर्टनं तिला हे काम दिलेलं. काम असं, की भिवापूरच्या आसपास पिकणाऱ्या, त्या त्या हंगामातल्या जिनसांचे सात पदार्थ, एकामागून एक, प्रत्येक दोन-तीन घासांचा. या जंगलात जय नावाचा वाघ होता तोवर पाहुणचाराची चिंता कुणाला नव्हती. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला तो झालाच. वाघानं पाठ फिरवली तर संध्याकाळी पाहुण्याची समजूत कशी घालायची, हा तेव्हापासूनचा प्रश्न आहे, आणि भाचीच्या मते त्याचं उत्तर सात बशांमध्ये होतं.

आईला ही कल्पना समजावून सांगायला अर्धी दुपार गेली. पदार्थ सात, हे तिला पटलं, किंबहुना कमीच वाटले. अडलं ते घासांपाशी.

"काहून वं," ती नातीला म्हणाली, "दोन घासाले कोणी माणूस घरी बोलावते का? लोकं नावं ठेवतीन."

"आजी, थोडं असलं की चव नीट कळते."

"मंग जास्त असलं तं काय चव पळून जाते?"

या प्रश्नाला हॉटेलच्या अभ्यासक्रमात उत्तर नसावं. भाची माझ्याकडे बघायला लागली. मी मामा असल्यामुळे मधल्यामध्ये काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून वाचलेलं सांगितलं. पदार्थ एकेक करून आणायची ही रीत मुळात फ्रेंचांचीही नाही. १८१० च्या सुमाराला पॅरिसमध्ये रशियाचे राजदूत असलेले अलेक्झांडर कुराकिन यांनी ती तिकडे रुजवली असं मानतात. त्याआधी फ्रेंच मेजवानीतही सगळं एकदम मांडलेलं असे, आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं घ्यायचं. म्हणजे त्या बाबतीत आपलं ताट अजून जुन्या फ्रेंच वळणाचंच आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भात, आणि कशानंतर काय खायचं हे जेवणाऱ्याच्या अखत्यारीत. पहिला वरणभात आणि शेवटचा ताकभात एवढी दोन टोकं रूढीनं बांधून दिली आहेत, मधला कारभार ज्याचा त्याचा.

"पाहा," आई म्हणाली, "तो रशियाचा माणूस मधात आला नसता तं एवढं काम नसतं वाढलं."

भाचीनं तोवर कागदावर यादी केली होती. यादी सुंदर होती, त्यात वाद नाही. काटवल, सात्या, शिंगाडा, तुरीचे सोले, हुरडा, मोहफुलं आणि संत्रं. एकेक नाव वाचताना तोंडाला पाणी सुटत होतं. आईनं चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि हसत सुटली.

काटवलानं उभ्या जन्मात हुरडा पाहिलेला नाही. काटवल श्रावण-भाद्रपदातलं, पावसाबरोबर येतं आणि पावसाबरोबर जातं. हुरडा पौषातला. मोहफुलं फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली टपटपतात, ती वेचायला बायका अंधारात निघतात, आणि वाघ-अस्वलांच्या भीतीनं जोरजोरात बोलत जातात. एकटं संत्रं काय ते थोडं मिळूनमिसळून वागणारं. आंबिया बहाराचं असेल तर दिवाळीच्या मागेपुढे येऊन सोल्यांची वाट पाहत थांबतं, मृगाचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या मोहफुलाला भेटूनही जातं. बाकीचे एकाच गावात राहून एकमेकांना अनोळखी. एका संध्याकाळी या सगळ्यांना एकाच टेबलावर बसवायचं म्हणजे एकतर शीतगृह हवं, नाहीतर खोटं बोलायची तयारी.

तरी ती बाजारात जाऊन आली. रानभाजी विकणाऱ्या बाईनं सात्यांचं नाव काढताच तिला आपादमस्तक न्याहाळलं. "थंडीत सात्या? पाण्याशिवाय कुठून काढून देऊ बाई? श्रावणात ये, अन् सकाळीच ये."

सात्यांबद्दल जरा सांगायला हवं, कारण आमच्याकडे त्यांच्याइतका मान दुसऱ्या भाजीला नाही. वाळवीच्या वारुळावर पावसात उगवणारे हे अळिंब. माणसाला त्यांची लागवड जमलेली नाही, कारण ती शेती वाळवीची आहे. वारुळाच्या पोटात वाळवी ही बुरशी पोसते, तिच्यावर जगते, आणि पावसाळ्यात तिचा एखादा कोंब जमीन फोडून वर आला तर तेवढा आपला. कुठल्या वारुळावर येतात हे ज्याला ठाऊक असतं तो ती जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही. बाजारात भाव मटणाशी बरोबरी करतो, आणि घासाघीस करायला गेलं तर टोपली झाकली जाते. करून खायच्या त्याही तेलावर, कांद्यावर, बेतानं. मसाला फार घातला तर आई रागावते.

आता गंमत अशी की हे सगळं वैभव ज्या महिन्यांत असतं, त्याच महिन्यांत अभयारण्य बंद असतं. जुलै ते सप्टेंबर पर्यटकांना दारं लावलेली. म्हणजे कोवळा तरोटा, बांबूचे वास्ते, काटवल, सात्या ही सगळी मंडळी हजर असताना पाहुणे गैरहजर. आणि पाहुणे ऑक्टोबरात जिप्सीत बसून येतात तेव्हा हे लोक निघून गेलेले. जंगलानं आपला सगळ्यात चांगला मेन्यू बंद दाराआड ठेवावा, यात मला तरी अन्याय दिसत नाही. भाचीला मात्र दिसला. तिनं मला कोपनहेगनच्या नोमा नावाच्या हॉटेलाची गोष्ट सांगितली. २००३ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलानं २०१८ पासून वर्षाचे सरळ तीन भाग पाडले होते. एकात फक्त समुद्रातलं, दुसऱ्यात फक्त भाजीपाला, तिसऱ्यात रान आणि शिकार. त्यांच्या रेने रेडझेपी या शेफनं २०१५ मध्ये टोकियोत जाऊन कोळंबीवर मुंग्या घालून वाढल्या आणि जगभर त्याची चर्चा झाली. आमच्या पलीकडे गडचिरोली-बस्तरकडच्या आठवडी बाजारात लाल मुंग्यांची चटणी कधीपासूनची आहे. ती पानावर मिळते आणि तिची चर्चा होत नाही.

"म्हणजे मामा, आपणही ऋतूप्रमाणे वेगवेगळे मेन्यू करावेत," भाची म्हणाली.

म्हटलं, आपण तेच करतो. फक्त तुझ्या सात बशा यायला आमच्याकडे बारा महिने लागतात. मृग नक्षत्रात तरोटा आला की पहिली बशी आली. आवडली नाही तर पुढची येईपर्यंत तीन आठवडे थांबायचं. वाढपी निसर्ग असल्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

पण रिसॉर्टच्या पाहुण्यांचा मुक्काम दोन रात्रींचा. त्यामुळे बेत हिवाळ्यावर येऊन ठरला, आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यात आमच्याकडे काही कमी नसतं. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या झाडीपट्टीची नाटकं घेऊन गावोगाव फिरत असतात, धान घरात आलेलं असतं, आणि रात्रभर नाटक पाहून आलेल्या माणसाला सकाळी कसली तरी जबर भूक लागलेली असते. वांगी, पोपटाच्या शेंगा, तुरीचे सोले, हरभऱ्याची खुडलेली कोवळी पानं. त्या पानांचा कच्च्या कांद्यात, तेल-तिखट-मीठ लावून घोळाणा करायचा. भाची त्याला सॅलड म्हणाली, आई घोळाणाच म्हणत राहिली, आणि दोघींचं त्यावर भांडण झालं नाही याचं श्रेय घोळाण्याला.

भाताचा प्रश्न मला सगळ्यात सोपा वाटला. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे या दोनेक एकरांच्या शेतकऱ्याला १९८३ मध्ये आपल्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. बाकीच्यांनी त्या मळणीत घातल्या असत्या. दादाजींनी जपून ठेवल्या, वर्षामागून वर्ष वेगळ्या पेरल्या. पुढे त्या तांदळाला तेव्हा मनगटामनगटावर असलेल्या एचएमटी घड्याळाचं नाव पडलं. हा माणूस २०१८ मध्ये गेला. आज देशभर कुठं कुठं त्यांचा तांदूळ शिजतो, आणि पोत्यावर घड्याळाचं नाव असतं, दादाजींचं नसतं. भाचीनं कार्डावर पदार्थाच्या नावाखाली 'दादाजी खोब्रागडे यांचा तांदूळ' असं लिहायचं ठरवलं. या साऱ्या प्रकरणात मला मनापासून पटलेली ही तिची पहिली गोष्ट.

त्या भाताचा वडाभात. वडे लाखोळीच्या डाळीचे. इथे भाची दचकली, कारण तिनं पुस्तकात वाचलं होतं की लाखोळीनं पाय लुळे पडतात. दुष्काळात दुसरं काही न मिळता महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पडतात, हे खरं आहे. त्यावरून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीही आली. पण धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत फेकून दिली की आपोआप उगवणारं, खत-पाणी न मागणारं हे पीक आमच्या शेतकऱ्यानं सोडलं नाही. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. आई या वादात कधी पडली नाही. ती डाळ रात्रभर भिजवते, ते पाणी फेकते आणि वडे तळते. तिचे पाय पंचाहत्तरीत माझ्यापेक्षा भरभर चालतात. हा शास्त्रीय पुरावा नव्हे, याची मला कल्पना आहे.

राहिली मिरची. भिवापूरला येऊन मिरचीपर्यंत पोचायला मी इतका वेळ लावला, हे गावात कळलं तर धडगत नाही. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. जाड सालीची, आणि रंग असा गडद लाल की कुटताना खलबत्त्यासकट कुटणाराही रंगतो. हिवाळ्यापासून गावात मिरचीचे सातरे लागतात. उघड्या माळावर लाल वाळवण पसरलेलं, आणि कडेनं बायका रांगेनं बसून देठ खुडतात. तोंडाला पदर बांधलेला, तरी दिवसभर खोकला. नव्या माणसाला सातऱ्याजवळून जाताना शिंका येतात, गावच्या माणसाला तो पार केल्यावर चुकल्यासारखं होतं. मजुरी तोललेल्या वजनावर. पर्यटक तिथे मोटार थांबवून फोटो काढतात, फोटो फार छान येतात. पूर्वीसारखी अस्सल गावरानी मिरची लावणारे मात्र कमी झाले. संकरित वाण आला, सोयाबीन आलं, कापूस होताच. सातऱ्यावरची सगळीच मिरची आता भिवापूरच्या मातीतली नसते, बाहेरूनही येते, देठ खुडून भिवापूरची होऊन जाते.

भाचीला या मिरचीची एक स्वतंत्र बशी हवी होती. नुसती मिरची. मी तिला आठवण करून दिली की ज्याला आपण इतकं स्थानिक स्थानिक म्हणतो आहोत, ती मिरची मुळात अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजातून गोव्याला उतरली आणि मग चालत चालत इकडे आली. म्हणजे आमची पाचशे वर्षं जुनी पाहुणी. "मंग आता घरचीच झाली," आई म्हणाली, "पाचशे वर्षं कोणी पाहुणा राहते का?" पण वेगळी बशी तिनं हाणून पाडली. मिरचीला वेगळं बसवायचं नाही, ती सगळ्यांत असते. इकडच्या रश्शावर जी तर्री तरंगते तिचा रंग कुठून येतो, सावजीवाल्यांच्या मटणाला घाम कशानं फुटतो, वडाभातावर ओतायच्या फोडणीच्या तेलात काय तडतडतं?

आणि मग आईनं माळ्यावरून डबे काढायला सांगितले.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि घरोघरच्या गच्च्या भरलेल्या असतात. कुरडया, सांडया, पापड, फाकी केलेल्या कैऱ्या, चिरून वाळवलेली वांगी, गवारीच्या शेंगा, आणि या सगळ्यांच्या शेजारी मिरची. चैत्रात वेचलेली मोहफुलं इथेच मनुकांसारखी सुकतात. हिवाळ्यातली बोरं कुटून बोरकूट झालेली असतात, शिंगाड्यांचं पीठ झालेलं असतं. जे ऋतू शेतात एकमेकांना भेटत नाहीत ते या डब्यांमध्ये शेजारी शेजारी राहतात. आमचं शीतगृह उन्हात चालतं, त्याला वीज लागत नाही, आणि ते चालवणाऱ्या बायकांना कुणी शेफ म्हणत नाही. भाची डबा उघडायची, वास घ्यायची, कागदावर काहीतरी खोडायची. संध्याकाळपर्यंत सातच्या सात बशा जमल्या.

रोडग्यांवरून थोडी बोलाचाली झाली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा तिला हवा होता, पण चार पाहुण्यांसाठी चार. आईला चार रोडगे करता येत नाहीत. हात नाही वळत, असं ती म्हणाली, आणि ते खरं असावं, कारण रोडग्याचा स्वयंपाक मी आजवर पंगतीपेक्षा लहान पाहिलेला नाही. शेवटी गोवऱ्या पेटवल्याच आहेत तर सगळ्या आळीचे करू, असं ठरलं.

दारूचाही विषय निघाला. बड्या हॉटेलांत म्हणे प्रत्येक पदार्थाबरोबर जुळणारी वाइन देतात. आमच्याकडे जुळणारी एकच, मोहाची, आणि ती सगळ्यांशीच जुळते, कधी कधी पोलिसांशीही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या काळात तालुक्याची सीमा ओलांडून इकडे येणाऱ्या पाहुण्यांना कुठलाच टेस्टिंग मेन्यू नको होता. भाचीनं अंबाडीचं सरबत निवडलं. त्याचा रंग बरा दिसतो.

चाचणी आमच्याच अंगणात झाली. आळीतली चार-पाच माणसं बोलावली. बशांऐवजी पळसाच्या पानांचे द्रोण. पहिला द्रोण कोवळा हुरडा आणि जवसाची चटणी. मग शिंगाड्याच्या पिठाची वडी, मग सोल्यांची आमटी, घोळाणा. भाची प्रत्येक द्रोणाआधी दोन वाक्यं बोलायची, जिन्नस कुठून आला, कोणत्या महिन्यातला. लोक आदरानं ऐकत होते. भिवापूरच्या माणसाला भिवापूरचा हरभरा कुठला हे सांगणं जरा धाडसाचं, पण कुणी हसलं नाही.

शेजारचे काकाजी मात्र काही खाईनात. द्रोण आला की हातानं अलगद बाजूला सरकवून ठेवत. दुसरा, तिसरा, चौथा. आई अस्वस्थ झाली, भाची त्याहून.

"काकाजी, बरं नाही वाटत का?"

"नाही जी, मी थांबलो आहो. येऊ द्या सगळं."

रोडगा आणि वांग्याची भाजी आली. दादाजींच्या तांदळाचा वडाभात आला, वर लाल तेल. शेवटी तुपात परतलेली मोहफुलं आणि संत्र्याच्या फोडी. काकाजींनी एकदा मोजून घेतलं, एक मोठं पान मागवलं, सातही द्रोण त्यावर आपापल्या जागी रिते केले. चटणी आणि घोळाणा डावीकडे, आमटी-भाजी उजवीकडे, भात मध्ये. लिंबाची फोड तेवढी कमी होती, ती मागितली.

"आता कसं ताट वाटून राहिलं," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

भाचीनं हे लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही. ती चुलीकडे गेली होती, कारण काकाजींना आणखी भात हवा होता, आणि त्यांच्यामागोमाग बाकीच्यांनाही.